मांडीवरचा भाऊ

मेहकर
ता. ६ फेब्रुवारी १९३८, रविवार

तानुबाईस रुक्मिणीचा सलाम.

सहा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी ‘तुम्ही’ लिहून पाहिलं. मग माझं मलाच हसू आलं आणि कागद वाया गेला. तू रुसलीस, खामगावला लेकीच्या, आशाबाईच्या घरी जाऊन बसलीस, माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाहीस, तरी तू माझ्यासाठी तूच. हे पत्र आशाबाईच्या हातात देऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

खुशाली मागून. आधी काम. आज उपासनेत रंगराव सुताराच्या मार्थाच्या आणि उत्तमराव शिंप्याच्या शिमोनाच्या लग्नाचा पहिला पुकारा झाला. पाळकांनी नावं वाचली, कोणाची हरकत आहे का म्हणून विचारलं. मी पंचांच्या बाकावर मान खाली घालून बसले. पुढचे दोन रविवार असंच विचारतील. तिसऱ्या पुकाऱ्याला कोणी उठलं नाही तर त्या गुरुवारी लग्न.

आता ऐक. शुक्रवारी रंगराव माझ्याकडे आला. तो बोलायला लागला की समोरच्या आळीत ऐकू जातं, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, “मावशी, उत्तम माह्या सख्खा भाऊ हाय.”

मी म्हटलं, “आश्रमातला कोन आपल्या जोडीदाराले सख्खा म्हणत नाई रे?”

“थे जोडी तुमी मागून लावली. मी त्याले मांडीवर घेऊनच आलतो. मले गाडी आठोते. मायनं त्याले माह्या हाती देल्लं आन् म्हणे, सोडू नको याले. मंग त्याच्या पोराले मी पोरगी कशी देऊ?”

“मंग होकार काऊन देल्ला?”

“मी कुठं देल्ला? बायकोनं देल्ला, पोरीनं देल्ला. उत्तमले सांगतलं तर थो हसते. म्हणते, तुले ताप होता बे, तुले काय आठोते.”

तानू, आमचे नवे पाळक वामनराव नगरकडचे आहेत. त्यांना आपल्या जोड्यांची रीत, रंगरावाचं नाव न काढता, मला पहिल्यापासून सांगावी लागली. संवत छप्पनच्या, म्हणजे १९०० सालच्या दुष्काळात आई-बाप गेलेली किंवा आई-बापांनी हवाली केलेली पोरं सरकारी गरीबखान्यांतून आपल्या आश्रमात आली. पोरं ढीगभर आणि सांभाळायला आपण चार बाया. म्हणून चालतं पोर दिसलं की त्याच्या ताब्यात एक न चालणारं द्यायचो आणि सांगायचो, हा तुझा भाऊ, ही तुझी बहीण. याला भरव, याला जवळ घेऊन नीज. तीच जोडी. पुढे मोठी झाल्यावर जोडीतल्या जोडीत सोयरिकी झाल्या, आपणच हौसेनं केल्या. म्हणून मार्था-शिमोनाचं कोणाला काही वावगं वाटत नाही. पण रंगराव म्हणतो ते खरं असेल तर ती दोघं चुलत बहीणभाऊ होतात. ख्रिस्ती झालो तरी हे आपल्यात कोणी खपवून घेतलेलं नाही.

इथे कोणाला आजोबा नाही, पणजोबा नाही, भाट नाही. कोण कोणाचं हे सांगायला म्हातारा पंच लागतो, आणि त्यासाठीच ती जागा आहे. चौघींपैकी दोघी मातीत गेल्या. मी त्या दिवशी आश्रमात चुलीपुढे होते. वाशीमहून पोरांची गाडी घेऊन तू आलीस. एवढंच लिही, गाडीत चढतानाच तो लहानगा रंगरावाजवळ होता का? हो की नाही. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत लिही.

रुक्मिणी


मेहकर
ता. १४ फेब्रुवारी १९३८, सोमवार

तानू,

काल दुसरा पुकारा झाला. तुझं उत्तर नाही. टपालवाला मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

गोष्ट फुटली. मी नाही फोडली. रंगरावाच्या बायकोनं नवऱ्याला रात्रंदिवस गप्प बसलेला पाहिला आणि त्याच्याकडून काढून घेतली. मग काय विचारतेस. पाळक माझ्या दारात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. “रुक्मिणीबाई, मंडळी आठवणींवर चालत नाही. पुरावा असेल तर हरकत घ्या. नसेल तर शांत बसा,” म्हणाले. वर असंही म्हणाले की ईस्टरनंतर नवे पंच निवडायचे आहेत, साठीच्या आतले. मी म्हटलं, “निवडा की! आन् तेव्हा त्याहीले विचारजा, कोन कोनाचं पोरगं हाय म्हणून.” बरं नाही बोलले, ठाऊक आहे. तोंड तुझ्याहून माझं वाईट, असं तू नेहमी म्हणायचीस.

त्यानंतर मार्था आली. ही पोर माझ्या मांडीवर खेळलेली, मी तिला बाराखडी शिकवली. दाराशी उभी राहून म्हणाली, “आजी, तुमाले आठोते का नाई थे सांगा. नसन आठोत तं माह्यं काऊन मोडता? तिसऱ्या पुकाऱ्याले मोडलं तं मले कोन करणार हाय?” मी गूळ खा म्हटलं. तिनं गुळाकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी उत्तमराव आला, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकलेली. तो नेहमीसारखा हसतच आला. “सांगून टाका मावशी, रंग्याले ताप होता म्हणून. माह्या पोराचा कोट शिवून झाला.” मी चहा टाकला. चहा पिता पिता त्याचं हसू कुठे गेलं कोण जाणे. म्हणाला, “तुमाले खरंच वाटते का मावशी, मी त्याचा भाऊ आसन?” आणि मी तोंड उघडायच्या आत कप ठेवून निघून गेला.

आता खरी अडचण ऐक. मी गप्प बसले तरी हे मिटत नाही. काल उपासना सुटल्यावर रंगरावानं मला कडुलिंबाखाली गाठून सांगितलं, “तुमी नाई उठल्या तं तिसऱ्या पुकाऱ्याले मी उठतो. भर मंडळीत उठतो.” मुलीचा बापच हरकत घ्यायला उठला तर त्या पोरीचं काय होईल, सांग. आणि तो चुकला असेल तर? आणि बरोबर असेल आणि मी त्याला दाबून बसवलं तर? मला जेवण जात नाही. लिहायला लाज वाटते, पण मी घाबरले आहे.

टपालावर भरवसा नाही म्हणून हे खामगावला जाणाऱ्या गुलाम रसूलच्या मोटारीनं पाठवते. तो तुझ्या हातात देईल.

रुक्मिणी


मेहकर
ता. १६ फेब्रुवारी १९३८

तानू,

गुलाम रसूल म्हणाला, तू अंगणात उभ्यानं पत्र वाचलंस, घडी करून कमरेला खोचलंस आणि त्याला ताक पाजलंस. उत्तर काही दिलं नाहीस. म्हणजे तुला माहीत आहे. माहीत नसतं तर तू नाही म्हणून सांगितलं असतंस, आणि दोन शिव्याही दिल्या असत्यास. तुझी गप्प बसण्याची रीत मी तीस वर्षं पाहिली आहे.

अजून एक लिहिते. हे कोणीतरी तुला सांगेलच, त्यापेक्षा माझ्या हातचं वाच. पाळक मला तोंडावर म्हणाले की मार्था मला माझ्या पुतण्यासाठी हवी होती, म्हणून मी हे काढलं. मी त्यांच्यावर आवाज चढवला. पण ते खोटं नाही. किसनरावासाठी तिला मागायचं माझ्या मनात होतं, दिवाळीपासून होतं. शिमोनाचं ठरलं तेव्हा मला वाईट वाटलं. म्हणून रंगराव शुक्रवारी दार लोटून बोलला तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? मला बरं वाटलं, तानू. क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणापासून माझा माझ्यावरच विश्वास राहिलेला नाही. मी उठले तर पोरांसाठी उठेन की किसनरावासाठी, मला सांगता येत नाही. म्हणून तुझं तोंड हवं आहे, माझं चालणार नाही.

तुला पंचाच्या जागेचा राग आहे ना? मंडळीनं मला मतं दिली, त्याला मी काय करू? तू मोठी, तू आधीची, गाड्या घेऊन उन्हातान्हात तू हिंडलीस, हे सगळं मलाही कळतं. ये. रविवारी त्या बाकावर तू बस, मी खाली सतरंजीवर बसते. सगळ्यांसमोर बसते. मग तरी सांगशील?

उद्या मोटार आहे.

रुक्मिणी


मेहकर
ता. १८ फेब्रुवारी १९३८, शुक्रवार

तानू,

तू काल आलीस, आज सकाळच्या मोटारीनं गेलीस आणि मी तशीच ओट्यावर बसून आहे. भाकरी करपली. तू चहा घेतलास पण माझ्या घरचं अन्न घेतलं नाहीस, तेही लक्षात ठेवीन. “मी त्या मंडळीत पाऊल टाकत नाई,” म्हणालीस. बरं. पण तू मोटारीत दोन वेळा अंग मोडून घेतलंस, या वयात, हेही लक्षात ठेवीन.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा लावून बघते आहे. डोणगाव सोडल्यावर भर दुपारी नाल्याशी बैल सोडले. रंगराव तापात झोपला होता. त्याच्या मांडीवरचं लेकरू थंड पडलेलं तू हात लावून पाहिलंस. ते हळूच काढून घेतलंस. उकंडराव गाडीवानानं पळसाखाली खड्डा केला, तू प्रार्थना म्हटलीस. गाडी निघाली तेव्हा पोर जागं झालं आणि मांडी चाचपायला लागलं. रडलं नाही, नुसतं चाचपत राहिलं, गोणपाटाखाली, पायांखाली. तुला ते बघवेना. पलीकडे कोणाचं कोण, तेवढंच एक लेकरू पडलं होतं. दोघांचीही डोकी उवांसाठी भादरलेली, दोघंही नुसती हाडं. तू ते उचललंस आणि त्याच्या मांडीत ठेवलंस. “हा घे तुझा भाऊ.” त्यानं घेतला.

म्हणजे रंगरावाला गाडी आठवते ती खरी. आई आठवते ती खरी. भाऊही होता. फक्त तो उत्तमराव नव्हे.

मी विचारलं, इतकी वर्षं काऊन नाई सांगतलं? तू म्हणालीस, “सांगून काय करू? याले भाऊ भेटला, त्याले भाऊ भेटला. कोनाचं काय बिघडलं?” मला तुझा राग आला होता. पण त्या गाडीत मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तुझ्यासारखं पोटातही ठेवलं नसतं.

आता लग्नाला आडकाठी राहिली नाही. मार्था चांगल्या घरी पडेल. आनंद व्हायला हवा. पण ते सगळं रंगरावाला सांगितल्याशिवाय होत नाही, कारण रविवारी तो उठणार. चाळीस वर्षांच्या आसपास ज्याला त्यानं भाऊ म्हणून जपलं, आजारपणात ज्याच्या उशाशी बसला, त्याच्याबद्दल मी जाऊन सांगायचं की हा तुझा नाही, तुझा तुझ्या मांडीवरच मेला. तू म्हणालीस, सांगू नको, नुसतं म्हण नातं नाही. तानू, रंगराव सुतार आहे. तो ‘नाही’वर थांबणारा माणूस नाही, तो सांधा उकलून बघणार.

उद्या जाते त्याच्याकडे. माझ्यासाठी प्रार्थना कर. मंडळीत पाऊल टाकत नसशील तर घरी बसून कर.

रुक्मिणी


मेहकर
ता. २० फेब्रुवारी १९३८, रविवार

तानू,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

काल रंगरावाकडे गेले. मार्थाचा पलंग करत होता, रंधा मारत होता. मी सगळं सांगितलं. आधी वाटलं होतं थोडं थोडं सांगू, पण तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. त्याचा रंधा थांबला नाही. गुडघ्याएवढा ढलप्यांचा ढीग झाला. मग मान वर न करता म्हणाला, “आन् थो?”

“कोन?”

“माह्या.”

मी नाला सांगितला, पळस सांगितला. तो म्हणाला, “मी झोपलो होतो?”

“ताप होता रे तुले.”

“मायनं सोडू नको म्हटलं होतं.”

मी म्हटलं, “तू नाई सोडलं. आमी काढून घेतलं.” आणि मी रडले. पंच म्हणून गेले होते आणि त्याच्या लाकडांत बसून रडले. त्यानंच मला हात धरून उठवलं, घरापर्यंत पोचवलं. वाटेत एकच म्हणाला, “उत्तमले मी सांगतो. तुमी नका सांगू.”

आज तिसरा पुकारा. मी बाकावर बसले होते, तुझी जागा शेजारी रिकामी ठेवली होती. पाळकांनी नावं वाचली आणि विचारताना मंडळीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी रंगरावाकडे बघितलं. तो बसून राहिला. मार्थाच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात उत्तमराव उठला. मुलाचा बाप! “माही हरकत हाय,” म्हणाला.

पाळकांच्या हातातला कागद खाली आला. उत्तमराव बोलायला लागला तो त्याचा आवाजच नव्हता. “पंधरा दिस मी हसलो. रंग्या भाऊ म्हणे तं मी म्हणो, ताप होता तुले. आता थो काल येऊन म्हणते, रक्त येक नाई, पोरगी देतो. मंग मी कोनाचा? हसो मी, पन मनातून मले वाटे, की हाव, हा माह्या हाय. मले नाई पाहिजे लगन. माह्या भाऊ मले राहू द्या.”

शिमोनाचं तोंड पांढरंफटक पडलं. मार्था उठून उभी राहिली, तिला आईनं ओढून बसवलं. पाळक म्हणाले, “उत्तमराव, हे हरकतीचं कारण होत नाही.” नियमानं त्यांचं बरोबर होतं. पण बरोबर असून उपयोग नव्हता, कारण तो खाली बसत नव्हता. शिमोनानं बापाचा हात धरला तर त्यानं झटकला. सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, या बाकावर आपण नसतो तर बरं झालं असतं.

मी उठले. पुढचं बाक धरलं. म्हटलं, “उत्तम, तुले त्याच्या मांडीत आमी ठेवलं. तुमाले दोघाईले आमी विचारलं नाई. रक्ताचं मले विचारसान तं मी सांगतो, नातं नाई, लग्न होते. पन भाऊ हाय का नाई थे मी कशी सांगू? थे रंगरावाले विचार.”

रंगराव उठला. आमच्याकडे पुरुषांची बाकं दोन बाजूंना, मधून वाट. त्यानं ती वाट ओलांडली, उत्तमरावाच्या बाकावरच्या माणसांना सरका म्हणून हात केला, आणि त्याच्या सदऱ्याला धरून खाली ओढलं. “बस बे खाली,” म्हणाला. “पोराईचं लगन हाय.” उत्तमराव बसला. त्याच्या खांद्यावर रंगरावाचा हात तसाच होता, सगळं गीत होईपर्यंत.

पाळकांनी कागद पुन्हा वर धरला आणि तोच प्रश्न परत विचारला. कोणी उठलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ईस्टरच्या निवडणुकीचं आपण पुढे बघू.” मी म्हटलं, बघा. किसनरावासाठी मी दुसरीकडे विचारणार आहे, हेही त्यांना सांगितलं, म्हणजे त्यांची झोप जायला नको.

लग्न गुरुवारी. पण त्याआधी, परवा मंगळवारी, ते दोघं गुलाम रसूलच्या मोटारीनं खामगावला येतील, तुला घ्यायला. उकंडराव गाडीवान केव्हाच गेला. तो नाला आणि ती जागा आता तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. पळस राहिला असेल की नाही देव जाणे. दोघांनाही जायचं आहे. रंगराव एकटा जातो म्हणत होता, उत्तमरावानं ऐकलं नाही. दारात तोंड वाकडं करून उभी राहू नकोस. मंडळीत येऊ नकोस हवं तर, पण त्यांच्याबरोबर नाल्यापर्यंत जा.

आणि एक. काल रंगरावानं मला वाटेत त्याचं नाव विचारलं. त्या लहानग्याचं. त्याला आठवत नाही. त्याचं स्वतःचं आधीचं नावही त्याला आठवत नाही, रंगराव आपणच ठेवलं. आईनं गाडीत चढवताना त्या लेकराला हाक मारली असेल, तुझ्या कानावर पडली असेल. पडली असेल तर त्याला सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. त्याला बरं वाटावं म्हणून दुसरं एखादं देऊ नकोस.

तुझी
रुक्मिणी